फिश फाइंडर घ्यावा का? होडीचं यंत्र आणि आपल्या गटाचं कर्ज



खाडीकाठच्या आणि धरणाकाठच्या गटांमध्ये कर्जमागणीच्या अर्जात आता एक नवीन नाव दिसायला लागलंय: फिश फाइंडर. घरची होडी आहे, नवरा किंवा दीर मासेमारीला जातो, मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय, आणि आता घरात एकच चर्चा, "यंत्र लावलं की मासा कुठे आहे ते दिसतं." अर्ज येतो तो आपल्या नावाने. हप्ता भरायचा तोही आपणच. यंत्र मात्र आपण बघितलेलंसुद्धा नसतं.

म्हणून हा लेख. यंत्र चांगलं की वाईट, एवढंच सांगून भागणार नाही. ते कोणत्या पाण्यात उपयोगी, कोणत्या पाण्यात बिनकामाचं, दुकानात काय विचारायचं, होडीवर कसं लावायचं आणि पडदा कसा वाचायचा, हे सगळं आपल्यालाही कळलं पाहिजे. ज्या वस्तूसाठी आपण सही करतो, ती वस्तू आपल्याला ओळखता यायला हवी.

हे यंत्र करतं काय?

डोंगरात हाक मारली की प्रतिध्वनी येतो. समोरचा डोंगर जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. फिश फाइंडर पाण्यात हेच करतो. होडीच्या तळाशी एक लहानसा ठोकळा असतो. त्याचं नाव ट्रान्सड्यूसर. दुकानात त्याला सेन्सरही म्हणतात. तो पाण्यात खाली आवाज सोडतो. हा आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो तळाला किंवा मध्ये असलेल्या माशाला आपटून परत येतो. किती वेळात परत आला, त्यावरून यंत्र खोली काढतं.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. म्हणजे १५ मीटर खोल पाण्यात तो खाली जाऊन वर यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. असे आवाज यंत्र एकामागून एक सोडत राहतं आणि प्रत्येकाचं उत्तर पडद्यावर एका उभ्या रेघेत मांडतं. रेघा शेजारी शेजारी लागल्या की चित्र तयार होतं.

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळीची ही पिशवी, म्हणजे भोत, केवढ्या भावाने जाते ते आपल्या मासे विकणाऱ्या सख्यांना सांगायला नको. हवेवरून आवाज जोरात परत येतो, म्हणून असा मासा पडद्यावर ठळक दिसतो. कोळंबी आणि चिंबोरीला अशी पिशवी नसते. त्यांचं उत्तर फार क्षीण येतं. ज्या घराचा धंदा मुख्यतः कोळंबी-चिंबोरीवर आहे, त्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

यंत्र काही कालचं नाही. जपानमध्ये नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासेमारीसाठीचं असं पहिलं यंत्र बाजारात आणलं. पंचाहत्तर वर्षांत ते लहान झालं, स्वस्त झालं आणि आता आपल्या होडीपर्यंत आलं.

पहिला प्रश्न: होडी कुठे चालते?

दुकानदार हा प्रश्न विचारेलच असं नाही. आपण विचारायचा. ठाणे जिल्ह्यात पाणी एका जातीचं नाही.

ठाण्याची खाडी. चेंदणी, विटावा, कळवा या बाजूला खाडी उथळ आहे, तळाला चिखल आहे आणि ओहोटीला बराच भाग उघडा पडतो. इथे पाणी असतं दोन-तीन मीटर. फिश फाइंडरचा आवाज उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा पसरतो: वर निमुळता, खाली रुंद. नेहमीच्या २० अंशाच्या सेन्सरने ३ मीटर पाण्यात तळाचा जेमतेम १ मीटर रुंदीचा गोल दिसतो. म्हणजे होडीच्या बुडाखालचाच तुकडा. आणि उथळ पाण्यातला बोय होडीची चाहूल लागताच बाजूला पळतो, तो होडीखाली थांबत नाही. पाग टाकणाऱ्या किंवा ओहोटीला चिखलात उतरून निवटी-चिंबोरी धरणाऱ्या घराला या यंत्राने मासा वाढणार नाही. तिथे नजर आणि अनुभवच कामाचा.

उल्हास नदी आणि वसईकडे जाणारी खाडी. कल्याणचा दुर्गाडी, डोंबिवलीचं मोठागाव, कोलशेत, बाळकूम, काल्हेर हा पट्टा. रेतीबंदर हे नावच सांगतं की इथे वर्षानुवर्षं रेती निघाली. रेती काढलेल्या जागी तळाला खड्डे पडतात, शेजारीच उंचवटे राहतात. शिवाय २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे. जलवाहतुकीसाठी गाळ काढला की खोली आणखी बदलते. इथे यंत्राचा खरा फायदा खोली आणि तळ कळण्याचा. होडी रुतत नाही, जाळं अडकून फाटत नाही, खड्डा कुठे ते कळतं. मासा दिसला तर तो वरचा फायदा. कल्याणच्या वरच्या अंगाला जलपर्णी असते. तिच्या लोंबत्या मुळांचंही चित्र पडद्यावर उमटतं, त्याला मासा समजू नये.

धरणाचं पाणी. भातसा, बारवीसारख्या जलाशयात, जिथे मासेमारीची रीतसर परवानगी आहे तिथे, पाणी खोल आणि बरंचसं स्थिर असतं. तळाला बुडालेल्या झाडांचे खुंट, जुने बांध असतात. जाळं तिथे अडकलं की गेलं. अशा पाण्यात फिश फाइंडर सगळ्यांत चांगला चालतो. खुंट दिसतात, रोहू-कटला कोणत्या खोलीला आहे तेही दिसतं आणि जाळं किती खाली सोडायचं ते ठरवता येतं.

समुद्र. उत्तनच्या बाजूला डोल जाळ्याची मासेमारी आहे. डोल एका जागी बांधलेली असते आणि प्रवाहाबरोबर मासा तिच्यात येतो. फिश फाइंडरवर मासा दिसला तरी डोल उचलून त्याच्यामागे नेता येत नाही. अशा होडीला जीपीएस जास्त उपयोगी: धुक्यात, रात्री आपल्याच डोलीवर सरळ पोचता येतं. तरंगत्या जाळ्याने किंवा गळाने मासेमारी करणाऱ्याला मात्र खोली, खडक आणि माशाचा थवा, तिन्ही कळण्याचा उपयोग होतो.

यंत्र एकच, पण प्रत्येक पाण्यात त्याचा उपयोग निराळा. म्हणून शेजारच्या गावच्या होडीला फायदा झाला एवढ्यावर आपण कर्ज काढायचं नाही.

दुकानात काय बघायचं?

किलोहर्ट्झचा आकडा. यंत्रावर ५०, ८३, २०० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे बारीक आवाज: उथळ पाण्यात स्पष्ट चित्र, पण नरसाळं अरुंद. लहान आकडा म्हणजे जाड आवाज: खोल जातो, रुंद पसरतो, पण चित्र ढोबळ. खाडी, नदी आणि धरणाला २०० पुरतो. दोन्ही आकडे असलेलं यंत्र समुद्राला बरं. "चर्प" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ यंत्र एकाच आकड्यावर न थांबता अनेक आकडे एकामागून एक वापरतं. त्याने जवळजवळचे मासे वेगवेगळे दिसतात. परवडलं तर घ्यावं, त्याच्यासाठी कर्ज वाढवू नये.

खोलीचा दावा. डब्यावर "५०० मीटरपर्यंत" असं लिहिलेलं असतं. आपल्या खाडीत १० मीटर पाणी मिळालं तरी खूप. त्या ५०० साठी जादा पैसे कशाला द्यायचे?

पडदा. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. यंत्र बाहेर उन्हात नेऊन बघा. दुपारी बाराला अक्षरं वाचता आली पाहिजेत. साडेचार-पाच इंचाचा पडदा लहान होडीला पुरेसा.

पाण्यापासून बचाव. आयपीएक्स ७ असं लिहिलेलं बघा. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी आत पाणी जाऊ नये. मात्र ही चाचणी साध्या पाण्याची असते. खारं पाणी लागलं की रोज पुसणं आलंच.

जीपीएस. जीपीएस असलेल्या यंत्रात जागेची खूण ठेवता येते: इथे खडक, इथे खड्डा, इथे जाळं. आपल्या पट्ट्यात मला तरी हे माशाच्या चित्रापेक्षा मोलाचं वाटतं. पण साधी खूण तर मोबाइलच्या जीपीएसवरही ठेवता येते. पैसे कमी असतील तर हा पर्याय आहे.

वीज. यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. लहान यंत्र साधारण अर्धा अँपिअर वीज खातं. ७ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली तर हिशेबाने १४ तास चालेल, पण बॅटरी पूर्ण उतरवली की लवकर खराब होते. म्हणून निम्मे, ७ तास धरा. बॅटरी आणि चार्जर यंत्राच्या किमतीत नसतात, हे आधीच विचारा.

बिल. जीएसटीचं पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, यंत्राचा क्रमांक. बिघडलं तर दुरुस्ती कुठे होते, मुंबईत की दुसऱ्या राज्यात पाठवावं लागतं? बाहेरून आणलेलं बिनबिलाचं यंत्र स्वस्त मिळतं, पण सेन्सर गेला की नवा मिळत नाही आणि पडदा शोभेला राहतो. तीन दुकानांची दरपत्रकं घ्या. कर्जाच्या अर्जाला तीच जोडायची आहेत.

होडीवर बसवताना

सेन्सर आणि पाणी यांच्यामध्ये हवा आली की चित्र जातं. यंत्र बिघडलं अशी तक्रार करण्याआधी सेन्सरभोवती बुडबुडे होतात का ते बघायचं. म्हणून सेन्सर पंख्यापासून लांब, जिथे पाणी शांत वाहतं अशा जागी, आणि तोंड सरळ खाली करून बसवतात. तिरका बसला तर खोली चुकीची येते.

फायबरच्या होडीत काही सेन्सर आतून चिकटवता येतात, पण तळ भरीव फायबरचा असेल तरच. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर आवाज जात नाही. लाकडी होडीतून तर नाहीच जात.

आपल्या होड्या ओहोटीला चिखलावर बसतात. मागच्या फळीला कायमचा लावलेला सेन्सर चिखलात दबून किंवा ओढताना मोडू शकतो. त्यापेक्षा एका पाइपाच्या टोकाला सेन्सर बांधून तो पाइप होडीच्या कडेला क्लॅम्पने अडकवावा. मासेमारीच्या वेळी खाली सोडायचा, निघताना वर घ्यायचा. होडीला भोक पाडावं लागत नाही. आणि दुसरा फायदा आपल्या गटाचा: हे सगळं काढून दुसऱ्या होडीला लावता येतं.

बॅटरीच्या जवळ फ्यूज लावायचाच. सेन्सरची वायर कापून जोडायची नाही. जास्त असेल तर गुंडाळून ठेवावी. तिला धरून सेन्सर उचलायचाही नाही.

पडदा कसा वाचायचा?

सगळ्यांचा गोंधळ इथे होतो. पडदा म्हणजे कॅमेरा नाही. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, या क्षणी होडीच्या खाली जे आहे ते. डावीकडे जे सरकत गेलं ते मागे पडलेलं. डाव्या बाजूला मासा दिसला म्हणजे तो होडीच्या डावीकडे आहे असं नाही. तो मघाशी खाली होता. होडी उभी असेल तरी चित्र सरकतच राहतं.

खालची जाड रेघ म्हणजे तळ. खडक किंवा घट्ट रेती असेल तर रेघ ठळक येते, आणि कधी कधी तिच्याखाली दुप्पट खोलीला तशीच दुसरी फिकी रेघ दिसते. ती आवाजाची दुसरी फेरी असते. चिखल असेल तर रेघ मऊ, पसरट दिसते. दोन-चार दिवस ओळखीच्या जागी फिरलं की घरातला जुना माणूस रेघ बघूनच सांगतो, हा आपला खडक आणि हा चिखल.

मासा होडीखालून गेला तर कमान दिसते: येताना लांब, मध्ये जवळ, जाताना परत लांब. होडी आणि मासा दोघंही थांबलेले असतील तर कमान न दिसता आडवी रेघ दिसते. थवा असेल तर ढगासारखा पुंजका.

बऱ्याच यंत्रांत माशाचं छोटं चित्र दाखवायची सोय असते. दिसायला ते फार गोड. पण ते यंत्राने केलेला अंदाज असतो. प्लास्टिकची पिशवी, बुडबुडे, जलपर्णीचं मूळ, सगळ्याला ते मासा म्हणू शकतं. आपल्या खाडीत काय काय वाहतं ते आपल्याला ठाऊक आहे. शिकताना ही सोय बंद ठेवा आणि खरं चित्र वाचायची सवय करा.

आणखी तीन गोष्टी. संवेदनशीलता, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ठेवायचा ते. गढूळ पाण्यात ती जास्त ठेवली तर पडदा ठिपक्यांनी भरतो. आधी ऑटोवर ठेवा, मग थोडी थोडी कमी करा. दुसरी, उथळ पाण्याची घंटा. खोली ठरावीक आकड्याखाली आली की यंत्र वाजतं. होडी पाण्यात किती बुडते ते मोजा, त्यात अर्धा-पाऊण मीटर मिळवा आणि तो आकडा लावा. तिसरी, दाखवलेली खोली सेन्सरपासून मोजलेली असते, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही. सेन्सर पाण्यात वीतभर खाली असेल तर तेवढं मिळवायचं. मुंबई-ठाण्याच्या बाजूला उधाणाच्या भरतीला आणि ओहोटीला पाण्यात चार मीटरपर्यंत फरक पडू शकतो. सकाळी ५ मीटर दिसलेली जागा दुपारी जेमतेम एक मीटरवर आलेली असू शकते. म्हणून वहीत खोली लिहिताना तिथी आणि वेळ लिहायलाच हवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, दशमीला साडेसात, हा आजोबांचा हिशेब यंत्र आलं तरी सोडू नका. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरायचं.

पहिल्या दिवशी परीक्षा घ्या

यंत्र आणलं की आधी त्याची परीक्षा. दोरीला एक-एक मीटरवर रंगीत चिंध्या बांधा, टोकाला वजन. शांत पाण्यात सेन्सरशेजारून दोरी तळापर्यंत सोडा. दोरी आणि पडदा यांची खोली जुळली पाहिजे. मग वजन अर्ध्यावर उचलून हळूहळू वर-खाली करा. पडद्यावर तेही वर-खाली होताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर सेन्सर तिरका असेल किंवा संवेदनशीलता कमी असेल. ही परीक्षा दुकानात परत द्यायची मुदत संपायच्या आत करा. आणि सख्यांनो, त्या दिवशी तुम्हीही होडीत बसा.

रोजची देखभाल साधी आहे. घरी आणल्यावर गोड्या पाण्याने ओलं केलेल्या मऊ फडक्याने पुसणे. सेन्सरवर शेवाळ किंवा कालवं धरली तर साबणाच्या पाण्याने काढणे. सुरीने खरवडणे नाही, थिनर नाही, होडीचा रंग त्याच्यावर लावणे नाही. पावसाळ्यात बॅटरी घरात आणून महिन्यातून एकदा चार्ज करणे.

आता पैशांचा हिशेब

आकडे समजायला सोपे म्हणून धरले आहेत. तुम्ही आपल्या दरपत्रकाचे आकडे घालून हिशेब करा.

समजा, यंत्र २४,०००. बॅटरी आणि चार्जर ३,०००. पाइप, क्लॅम्प, फ्यूज आणि बसवण्याचा खर्च १,५००. दुरुस्तीला हाताशी १,५००. एकूण ३०,००० रुपये.

गटातून महिना १ टक्का व्याजाने, घटत्या शिलकेवर, १२ महिन्यांसाठी कर्ज घेतलं. दरमहा मुद्दल २,५००. पहिल्या महिन्याचं व्याज ३००, मग ते कमी होत जाईल. वर्षाचं व्याज १,९५०. परत करायचे एकूण ३१,९५० रुपये.

यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद. म्हणजे कमाईचे महिने १०. महिन्याला २० फेऱ्या धरल्या तर वर्षाच्या २०० फेऱ्या. ३१,९५० भागिले २०० म्हणजे फेरीला साधारण १६० रुपये. याचा अर्थ, यंत्रामुळे प्रत्येक फेरीला १६० रुपये जादा हातात यायला हवेत, तर पहिल्या वर्षात यंत्र स्वतःचे पैसे स्वतः फेडेल. ते जादा माशातून येतील किंवा वाचलेल्या डिझेलमधून. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर फेरीला पावणेदोन लिटर वाचायला हवं.

आता दुसरी सखी. तिच्या घरची होडी महिन्यात आठच दिवस निघते. वर्षाच्या ८० फेऱ्या. तिला तेच यंत्र फेरीला ४०० रुपये पडतं. खाडीतल्या चार बोय आणि मूठभर कोळंबीच्या फेरीला हे झेपेल का? तिने एकटीने घेऊ नये. पण तीन होड्या मिळून एक यंत्र घेतलं, पाइपावर बसवलं आणि वार वाटून घेतले, तर हिशेब बदलतो. अशा वेळी कोणत्या दिवशी कोणाकडे, मोडलं तर खर्च कसा वाटायचा आणि बॅटरी कोण चार्ज करणार, हे ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी ठरलेलं पहिल्या बिघाडापर्यंतच टिकतं.

जून-जुलैचे हप्ते कुठून भरायचे तेही आजच ठरवा. सुक्या मासळीच्या विक्रीतून की मे महिन्यापर्यंत बाजूला काढलेल्या पैशातून?

कर्ज, अनुदान आणि नाव

केंद्राची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या लाभार्थी घटकांत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत सरकारी मदत आहे. होडीच्या उपकरणांसाठी सध्या कोणता घटक चालू आहे, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा आपल्या मच्छीमार संस्थेत जाऊन विचारा. अनुदान हवं असेल तर खरेदी आधी करू नका. आधी मंजुरी, मग बिल.

मच्छीमारांनाही आता किसान क्रेडिट कार्ड मिळतं, महिला गटही त्यात बसतात. पण ते कर्ज चालू खर्चासाठी आहे: डिझेल, बर्फ, मजुरी. यंत्रासाठी ते वापरलं तर हंगामाच्या तोंडावर डिझेलला पैसे उरत नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कर्ज सखीच्या नावाने, तर बिलही सखीच्याच नावाने. यंत्राचा क्रमांक गटाच्या नोंदवहीत. उद्या यंत्र विकायची वेळ आली तर विचारायला लागेल ती तिलाच. घरात यावरून कोणी रागावलं तर सांगा, बँकेत गाडीचं कर्ज घेतलं तर गाडी कर्ज घेणाऱ्याच्याच नावावर असते, तसंच हे.

यंत्र घेतल्यावर तीन महिने वही ठेवा: तारीख, तिथी, जागा, खोली, मासा किती किलो, भाव, डिझेल किती. त्याआधीच्या एक महिन्याचीही नोंद असेल तर फारच चांगलं, कारण तुलना करायला आधीचा आकडा लागतो. ही वही आपण बायका चांगली ठेवू शकतो, कारण मासा विकून पैसे मोजणाऱ्या आपणच आहोत. तीन महिन्यांनी यंत्राचा खरा फायदा कळेल आणि पुढच्या सखीच्या अर्जावर गटाला डोळसपणे निर्णय घेता येईल.

यंत्र काय करत नाही

ते पाण्यात मासा वाढवत नाही. खाडीत मासा कमी झाला तो घाण पाण्याने, भरावाने आणि गाळाने. त्याला उत्तर यंत्र नाही.

ते मदतीला बोलावत नाही. होडी बंद पडली, वारा सुटला तर फिश फाइंडर काही कामाचा नाही. लाइफ जॅकेट, चार्ज केलेला मोबाइल आणि टॉर्च आधी, यंत्र नंतर. समुद्रावरच्या संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ होडीत रंगाने लिहून ठेवा. जॅकेट नसेल आणि यंत्रासाठी अर्ज आला असेल तर गटाने तो थांबवून आधी जॅकेट घ्यायला लावावं.

आणि ते लहान-मोठा मासा ओळखून सोडत नाही. ते आपण करायचं. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली. चंदेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पिल्लाचा थवा पडद्यावर दिसला म्हणून जाळं टाकलं, तर पुढच्या वर्षीचा हप्ता आपण आजच खाल्ला.

पुढच्या बैठकीत हे विचारा

फिश फाइंडरसाठी अर्ज आला तर अर्ज करणाऱ्या सखीला प्रेमाने, पण एकेक करून हे प्रश्न विचारा.

१. होडी कोणत्या पाण्यात चालते आणि तिथे ओहोटीला पाणी किती असतं?
२. मासेमारी कशाने: पाग, डोल, तरंगतं जाळं की गळ?
३. महिन्याला फेऱ्या किती?
४. तीन दरपत्रकं आणली का? त्यात बॅटरी-चार्जर धरला का?
५. फेरीला किती रुपये जादा यायला हवेत, हा हिशेब केला का?
६. जून-जुलैचे हप्ते कुठून?
७. बिल कोणाच्या नावावर?
८. होडीत लाइफ जॅकेट आहेत का?
९. शेजारच्या होडीबरोबर मिळून घेता येईल का?

आठ-नऊ उत्तरं नीट आली तर कर्ज द्यायला हरकत नाही. निम्मीच आली तर अर्ज नाकारू नका, एक महिना पुढे ढकला आणि तोपर्यंत तिला चिंध्यांची दोरी घेऊन आपल्या पाण्याची खोली मोजून आणायला सांगा. दोरीला खर्च वीस-तीस रुपये. काही घरांना त्या दोरीनेच कळेल की यंत्राची गरज नाही. आणि ज्यांना गरज आहे, त्या घराकडे आपल्या पाण्याची नोंद यंत्र येण्याआधीच तयार असेल.